संडासातला एक जून

आमच्या घरातली पाच माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, आणि त्यांतलं एकही माणूस त्या दिवशी जन्मलेलं नाही.

ही गोष्ट राजेश्वरमध्ये कुणालाही सांगा, तो फक्त 'मग?' म्हणेल. कारण आमच्या गावात शाळेची पायरी चढलेला जवळजवळ प्रत्येक माणूस एक जूनलाच जन्माला आलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडते, बाप पोराला हाताला धरून आणतो, गुरुजी विचारतात जन्म कधीचा, बाप डोकं खाजवून म्हणतो, 'ज्वारी काढायच्या टायमाला', आणि गुरुजी लिहितात एक जून. ह्यात कुणाचं काही बिघडत नाही. (माझं बिघडलं. माझ्या गुरुजींनी तारखेबरोबर सालही अंदाजानंच ठोकलं आणि मला दोन वर्षांनी म्हातारा करून ठेवलं. त्या गुरुजींचा मी आजतागायत उद्धार करत आलोय. पण ते जाऊ द्या.)

तर ह्या एक जूनपायी माझी अब्रू गेली, आणि तीही हॉलंडात, परक्या माणसांच्या देखत. गावात ह्या प्रकाराची भलतीच हकीकत फिरते आहे, म्हणून खरं काय ते मीच सांगून टाकतो.

माझा धाकटा भाऊ मधू हैदराबादला इंजिनिअर झाला आणि दुधाच्या यंत्रांच्या एका कंपनीनं त्याला हॉलंडला नेलं. तिथंच त्यानं लग्न केलं. बायकोचं नाव मारायके. आईच्या जिभेला ते काही वळेना. तिनं माझ्याकडून लिहवून घेतलेल्या पहिल्याच पत्रापासून सुनेचं नाव 'मारकी' करून टाकलं. आमच्याकडं शिंगं उगारणाऱ्या म्हशीला मारकी म्हणतात, हे त्या बिचारीला कुणी सांगितलं नाही. उलट सासूनं आपल्याला लाडाचं नाव ठेवलं म्हणून ती खूष होती.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, वारले तेव्हा मधूला वेळेवर पोचता आलं नाही. ते शल्य त्याला होतं. चार वर्षांनी त्यानं आईची आणि माझी तिकिटं पाठवली. मी तेव्हा राजेश्वरच्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक. मे महिन्याची सुट्टी, वर थोडी रजा. म्हटलं जाऊन येऊ. पासपोर्ट काढताना आईची जन्मतारीख विचारली तेव्हा मी काय सांगितलं असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आता हॉलंड. मी गावात सगळ्यांना 'छान देश आहे' असंच सांगतो, पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? पहिल्या तीन दिवसांत माझं डोकं तीस वेळा फिरलं.

पहिली गोष्ट म्हणजे पडदे. कुणाच्याही खिडकीला पडदा ओढलेला नाही. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना माणसं जेवताना दिसतात, पेपर वाचताना दिसतात, म्हातारा पाय वर करून बसलेला दिसतो. मी मान वळवून नीट बघितलं तर मधू दंडाला धरून म्हणतो, 'अण्णा, बघू नये.' बघू नये तर उघडं कामून ठेवलंय? हे काही त्याला सांगता आलं नाही.

दुसरी गोष्ट, दुपारचं जेवण. थंड पाव. आणि त्या पावावर लोणी लावून वर चॉकलेटचे बारीक बारीक दाणे. आईनं ते ताट बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, 'मुंग्या लागल्यात रे.' चहाबरोबर एक बिस्कीट. एक म्हणजे एक. डबा पुढं येतो, तुम्ही एक उचलता आणि झाकण टप्पदिशी बंद होतं. मी एकदा दुसऱ्यासाठी हात पुढं केला, तर तो हात झाकणावर आपटला.

आणि तिसरी गोष्ट मी गावात अजून कुणाला सांगितलेली नाही. बाजारात जायचं होतं, मधू कामावर गेलेला, तर मारायकेनं सायकल काढली आणि मला म्हणाली, मागं बसा. मी थोरला दीर! आमच्याकडं थोरला दीर अंगणात आला तर भावजय पदर सावरून आत जाते. इथं मी धोतराचा सोगा एका हातात धरून, दुसऱ्या हातानं सायकलची कॅरेज धरून, भावजयीच्या पाठीमागं बसून अख्ख्या गावातून मिरवलो. बरं, कुणी हसलंसुद्धा नाही. कुणी हसलं असतं तर निदान त्यांनाही हे बरं दिसत नाही एवढं तरी समाधान मिळालं असतं.

पण हे सगळं मी गिळलं. जे गिळता आलं नाही ते जिन्याखाली होतं.

ह्या लोकांचा संडास जिन्याखाली, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याएवढा. बसलं की भिंत नाकाला लागते. आणि बरोब्बर नाकासमोर खिळ्याला एक कॅलेंडर टांगलेलं. ना त्यात वार, ना साल. नुसते महिने आणि तारखा, आणि तारखांच्या चौकटीत नावं. मी पहिल्या दिवशी आत गेलो तेव्हा मे महिना संपत आलेला, पण पान मात्र जूनचं लावलेलं. मी सहज पहिल्या चौकटीकडं बघितलं आणि ताडकन उभा राहिलो.

चौकटीत आमच्या घरातली सगळी जमा झालेली. मराठी अक्षरात, मधूच्या वळणदार हातानं. अण्णा, म्हणजे मी. शेवंता अक्का, आमची मधली बहीण. मधू. आई. आणि सगळ्यात वर आप्पांचं खरं नाव, ग्यानबा. एवढी माणसं एका चौकटीत मावणार कशी? ती दोन आणि तीन जूनमध्ये घुसली होती.

ज्या माणसानं आम्हाला वाढवलं, ज्याच्या नावापुढं गावात लोक अजूनही 'कैलासवासी' लावतात, त्याचं नाव कुठं, तर संडासात! मी तसाच बाहेर आलो. (ज्या कामाला गेलो होतो ते राहिलंच.)

संध्याकाळी मधूला अंगणात गाठला आणि विचारलं, 'हे काय करायलास?'

तो शांतपणे म्हणाला, ही वाढदिवसांची यादी असते आणि इथं ती सगळ्यांच्या घरात तिथंच टांगतात. रोज डोळ्यांपुढं राहावी, कुणाचा दिवस विसरू नये, म्हणून. मारायकेच्या आजीचं नावसुद्धा तिथंच आहे. आमची नावं मराठीत लिहिली कारण मारायकेला अक्षरं शिकायची आहेत आणि तिथं बसल्या बसल्या ती डोळ्यांखालून जातात. जूनचं पान आधीच लावलंय ते आमच्या मानासाठी.

'मानासाठी,' मी म्हणालो. 'काढ ते.'

'काढलं तर तिला वाईट वाटंल, अण्णा. आपली माणसं तिला आपली वाटत्यात म्हणून लिवलंय.'

'आन् आईनं वाचलं तर?'

आता हे सांगितलं पाहिजे. आप्पा गेल्यावर आईनं एकच हट्ट धरला होता: शेताच्या कागदावर त्यांचं नाव कुठं आहे ते आपल्याला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. मीच तिला रोज संध्याकाळी पाटीवर अक्षरं शिकवली. साठी उलटलेली बाई वर्षभरात अडखळत वाचायला लागली. फक्त एक अडचण होती. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी तोंडानं घेतलेलं नाही. पाटीवर 'ग्यानबा' लिहिलं की ती अक्षरांवर बोट ठेवायची आणि गप्प बसायची. ती गप्प बसली की मी समजायचो, बरोबर वाचलं. त्या एका नावासाठी ती वाचायला शिकली होती, आणि आता तेच नाव तिला पायखान्याच्या भिंतीवर दिसणार होतं. मधूवर तिचा आधीच राग, बापाच्या मातीला आला नाही म्हणून. तो राग ह्या पंधरा दिवसांत निवळावा म्हणून तर मी तिला सात समुद्रांपार आणलं होतं. हे नाव तिनं तिथं बघितलं असतं तर ती त्याच पावली विमानतळाची वाट विचारत चालू लागली असती, आणि पुन्हा ह्या घराकडं फिरकली नसती.

मधूचं तोंड उतरलं. पण कॅलेंडर काढायला तो तयार होईना, कारण त्याची दुसरीच पंचाईत होती. काढायचं तर बायको कारण विचारणार आणि एक जूनचा विषय निघणार. लग्नाच्या वेळी तिथल्या कचेरीनं सगळ्या घराच्या जन्मतारखा मागितल्या, त्यानं कागदावर होत्या त्या दिल्या, नव्हत्या त्यांच्या त्याच धर्तीवर दिल्या. मारायकेनं डोळे मोठे करून विचारलं, सगळे एकाच दिवशी? हा घाईत होता, व्हय म्हणाला. त्याला नऊ वर्षं झाली. आता तिला खरं सांगायची सोय नव्हती, कारण खोटं बोललेलं तिला अजिबात खपत नाही.

'एक जूनचा विषयच कुणी काढू नका,' मधू म्हणाला. 'आन् तू तर न्हाईच न्हाई.'

म्हणजे आप्पांच्या नावाची राखण माझ्याच गळ्यात पडली. मी कामाला लागलो.

पहिला उपाय सोपा होता. आत गेलो आणि पान उलटून मे महिना लावला. मे महिन्यात मारायकेचा एक काका आणि दोन मावश्या होत्या, त्यांचं काय व्हायचं ते होवो. तासाभरानं आई उठली म्हणून मी धावत आधी आत शिरलो, तर पुन्हा जून. मी मे केला. दुपारी जून. मी मे केला. मारायकेला वाटलं असावं वाऱ्यानं होतंय, कारण दुसऱ्या दिवशी तिनं वरच्या पानांना मोठा चिमटाच लावून टाकला. मग मी माझी टोपी काढून खिळ्याला अडकवली. कॅलेंडर झाकलं गेलं. पण ही बाई टापटिपीची. संध्याकाळी टोपी दाराजवळच्या खुंटीवर, आणि जून उघडा. मी टोपी पुन्हा आत. ती पुन्हा खुंटीवर. एका दिवसात त्या टोपीनं जेवढा प्रवास केला तेवढा मी अख्ख्या हॉलंडात केला नाही.

शेवटी मी एकच मार्ग धरला. आई खुर्चीवरून हलली की मी उठायचो. ती जिन्यापर्यंत पोचायच्या आत आत शिरायचो, टोपी लावायचो, बाहेर यायचो आणि म्हणायचो, 'जा आता.' ती बाहेर आली की पुन्हा आत जाऊन टोपी काढायची, कारण डोक्यावर टोपी नसली की मला चुकल्यासारखं होतं. आईला म्हातारपणामुळं आणि थंडीमुळं वरचेवर जावं लागे. तिच्या एका फेरीला माझ्या दोन. रात्री झोपसुद्धा कान टवकारून.

आई एकदा म्हणाली, 'नामा, मी निघाले की तुला बी लागतीच कशी रं?' मी म्हटलं, हवा बदललीय. मारायकेनं माझ्या ताटातला पाव कमी केला आणि उकडलेला भात वाढला.

आणि मग तो एक जून उजाडला.

मला वाटलं होतं केक कापतील, टाळ्या वाजवतील, संपलं. कसलं काय! दुपारी घरातल्या सगळ्या खुर्च्या भिंतीला लावून त्यांनी गोल केला. पंधरा-वीस माणसं येऊन त्या गोलात बसली. आई म्हणाली, 'कुणाची सोयरीक हाय?' मी म्हटलं आपलाच वाढदिवस. तिला काही पटलं नाही.

आता ह्या लोकांची रीत ऐका. वाढदिवस ज्याचा आहे त्याचं अभिनंदन करून माणूस थांबत नाही. गोलातल्या प्रत्येकाचं करतो. माझ्याकडं एक म्हातारा आला, हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या भावाबद्दल अभिनंदन. मग तुमच्या आईबद्दल अभिनंदन. मग तुमच्या स्वतःबद्दल. तो संपला की पुढचा. मी मारायकेच्या बापाचं त्याच्या जावयाबद्दल अभिनंदन केलं, जावयाच्या सासूचं केलं, आणि एका बाईचं कशाबद्दल केलं ते अजून कळलं नाही. मग उंच, पांढऱ्या केसांची एक शेजारीण आली. तिनं आधी हात दिला आणि मग, काही कळायच्या आत, माझ्या गालावर एकदा इकडं, एकदा तिकडं, पुन्हा एकदा इकडं. तीन. आईच्या समोर! मी आईकडं बघूच शकलो नाही. पुढची पाच मिनिटं मी कॉफीच्या कपात तोंड घालून बसलो. आणि एवढं सगळं सोसून केकचा तुकडा एकच. डबा बंद.

ती शेजारीण होती सुईण. तिथली शिकलेली, सरकारी. आयुष्यभर बाळंतपणं केलेली. आईच्या शेजारची खुर्ची तिनं खास मागून घेतली होती. ती पुढं वाकली आणि अतिशय आदरानं काहीतरी विचारलं. सगळ्या गोलाच्या माना तिकडं वळल्या. मधूच्या कपाळावर घाम आला.

'काय म्हणायलीय?' आईनं विचारलं.

मधू कप हलवत बसला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा कॉफीच्या कपात तोंड घातलं. आईनं मधूला पुन्हा विचारलं, आता जरा जोरात. शेवटी तो खाली बघत म्हणाला, 'ती इचारायलीय, तिन्ही लेकरं येक जूनलाच कशी झाली तुला.'

आई त्या बाईकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. मग म्हणाली, 'येक जूनला? येक जूनला पेरणीची तयारी असती. बाळंत व्हायला येळ कुणाला हाय?'

मधूनं हे सांगितलं नाही. पण मारायके आईच्या तोंडाकडं बघत होती, आणि आई आता थांबायला तयार नव्हती. बोटांवर मोजत ती म्हणाली, मधू नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी झाला, पाऊस लागून राहिला होता. शेवंता पोळ्याला झाली, बैलं वेशीतून यायची होती आणि हिला घाई झाली. 'कुणी सांगितलं ह्यांना येक जून?'

मारायकेनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. हळू, पण असं की मधू खुर्चीत मागं सरकला. मग त्यानं त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. सांगताना तो एकदाच थांबला, हात वर केला आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

व्हय. मीच. मधूला शाळेत घातला तेव्हा मी नुकताच त्या शाळेत लागलो होतो. दाखल्याचं पुस्तक माझ्या हातात होतं. सख्ख्या भावाची जन्मतारीख, घरी जाऊन आईला विचारायला दहा मिनिटं लागली असती, ती मी एक जून लिहिली. शेवंता अक्काला त्याच्याबरोबरच घातली, तिचीही मीच लिहिली. गावातल्या एका अख्ख्या पिढीची मीच लिहिली. माझ्या गुरुजींचा उद्धार मी सुरुवातीला केलाय, तो इथं थोडा परत घेतो.

आता गोलातली वीस माणसं माझ्याकडं बघत होती. मुख्याध्यापकाला गप्प बसून चालत नाही. मी उभा राहिलो आणि माझ्या इंग्रजीत बाजू मांडली, की शाळा जूनमध्ये उघडते, मुलं जूनमध्येच येतात, तेव्हा सोयीसाठी आम्ही त्यांना जूनमध्येच जन्माला घालतो. सुईणबाईनं शांतपणे विचारलं की मग सोयीसाठी तुम्ही त्यांना सुट्टीत मारताही का. मी खाली बसलो.

पण मारायकेच्या डोक्यात भलताच प्रकाश पडला होता. ती उभी राहिली. ह्या लोकांना मनात ठेवणं माहीत नाही. तिनं सगळ्यांना सांगितलं, आणि मधूनं मला ते शब्दाला शब्द मराठीत करून दिलं (आनंदानं दिलं, हे मी विसरणार नाही): हा माणूस आठ दिवस सारखा संडासात जातोय. दिवसातून वीसदा. मला वाटलं ह्याचं पोट बिघडलंय, मी डॉक्टरची वेळ घेऊन ठेवलीय, परवा साडेनऊ. आता मला कळलं. हा आपली लबाडी झाकत होता.

मी काय सांगणार? की लबाडी नव्हे, बाई, बाप झाकत होतो? तेवढ्यात ती आतमध्ये गेली, कॅलेंडर खिळ्यावरून काढून आणलं, वर पेन्सिल आणि खोडरबर ठेवलं, आणि सगळं नेऊन आईच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, आता खरं लिहू.

आठ दिवसांची राखण, शंभर फेऱ्या, टोपीची दैना, सगळं एका मिनिटात मातीत. मी उठायला गेलो तर सुईणबाईनं हातावर हात ठेवून मला बसवलं.

आईनं कॅलेंडर डोळ्यांजवळ धरलं. अक्षरं लावायला लागली. 'मऽधू,' ती म्हणाली. 'आऽई.' स्वतःचं नाव वाचून हसली. मग बोट वर सरकलं आणि थांबलं. आणि आई गप्प झाली.

मारायकेला वाटलं अक्षर अडलं, तिनं विचारलं, पुढं? आई बोलेना. मधूनं मान खाली घातली. मला माहीत होतं, तिनं वाचलंय. पाटीवर वाचायची तसंच.

शेवटी आईनं मान वर केली. 'हे कुठं असतंय?'

'बैठकीत, आई,' मी समोरच्या भिंतीकडं बोट दाखवत घाईनं म्हणालो. 'भिंतीवर. मानाच्या जागी.'

मारायकेला मराठी फार तर वीस शब्द येत होते. पाणी, जेवा, बसा, थंडी, असे आईच्या सोयीचे. पण 'कुठं' तिला कळलं, मी सांगितलं ते खोटं आहे हेही कळलं, आणि खोटं तिला खपत नाही. ती खणखणीत आवाजात म्हणाली, 'संडास.'

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं. आता उठेल आणि पिशवी भरेल.

आईनं मधूला विचारलं, 'रोज बघती व्हय ही?'

'रोज, आई,' मधू म्हणाला. 'मी बी बघतो. रोज सकाळी पहिलं त्यांचंच नाव दिसतं. मातीला आलो न्हाई, आता तेवढंच हाय.'

आईनं मधूच्या डोक्यावरून हात फिरवला, चार वर्षांत पहिल्यांदा. मारायकेलाही जवळ ओढली. मला वाटलं, चला, सुटलो. एवढ्यात ती माझ्याकडं वळली.

'आन् आपल्या घरात कुठं हाय त्यांचं नाव, नामा?'

मी आठवू लागलो. आठवलं ते बरं नव्हतं. आप्पांचा फोटो होता आमच्याकडं. दोन दिवाळ्यांमागं भिंतींना चुना देताना मीच काढून ठेवला होता, ज्वारीच्या कणगीमागं, तोंड भिंतीकडं करून. चुना वाळला, तो परत लावायचा राहिला. माझ्या आप्पांच्या मानासाठी मी हॉलंडात आठ दिवस जिवाचं रान करत होतो आणि माझे आप्पा राजेश्वरात कणगीमागं कोपरा धरून उभे होते.

मी गप्प बसलो. आईला माझं गप्प बसणंही वाचता येतं.

मग तिनं कॅलेंडर सुनेकडं दिलं आणि एकेक सांगायला लागली. आप्पा संक्रांतीचे, हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. मारायकेनं त्यांना जूनमधून खोडून जानेवारीत नेऊन ठेवलं, चांगलं ऐसपैस. मधू ऑगस्टमध्ये गेला, अक्का त्याच्यामागं. आई म्हणाली माझा कुणालाच ठाऊक न्हाई, मला सुनेच्या शेजारी ठेवा, आणि मारायकेनं खरंच तिला आपल्या वाढदिवसाच्या चौकटीत घेतलं. एक जूनच्या चौकटीत आता मी एकटा उरलो. मारायके पेन्सिल घेऊन थांबली. आणि हे?

'हा व्हय?' आई म्हणाली. 'हा शिमग्याचा.'

मधूनं शिमगा म्हणजे काय ते सगळ्या गोलाला समजावून सांगितलं. होळी पेटते, माणसं रस्त्यावर येतात, तोंडावर हात मारून बोंब मारतात, एकमेकांना वाटेल ते बोलतात, आणि त्या दिवशी कुणी कुणाला काही म्हणत नाही.

मारायकेनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक वाक्य बोलली. सगळा गोल हसला. सुईणबाईनं तर डोळे पुसले.

'काय म्हणाली?' मी विचारलं.

'न्हाई, काही न्हाई,' मधू म्हणाला. 'ते दिसतंच, म्हणाली.'

गावी आल्यावर मी पहिलं काम केलं. आप्पांचा फोटो पुसून बैठकीत दाराच्या समोर लावला. महिनाभरात मारायकेचं पार्सल आलं. एक कोरं कॅलेंडर, आणि आईला मराठी अक्षरात चिठ्ठी: 'रोज बघा. मारकी.' आता रोज बघायच्या जागी लावायचं म्हणजे आमच्याकडं कुठं लावणार? आमची ती जागा म्हणजे ओढ्याकाठचं रान. तेव्हा मी ते शाळेत, माझ्या टेबलासमोर टांगलं, आणि मोठ्या उत्साहानं दाखल्याच्या पुस्तकातून सगळ्या मुलांची नावं त्यात उतरवून काढली. अकरा महिने कोरे राहिले. एक जूनची चौकट भरली, वाहिली, आणि समास काळा झाला.

पुढल्या जूनमध्ये शाळा उघडली. पहिलाच शेतकरी पोराला घेऊन आला. मी पेन बाजूला ठेवलं आणि निक्षून सांगितलं, आता आपल्या शाळेत खरी तारीख लागते. नीट आठवा. तो डोकं खाजवत बराच वेळ आठवत राहिला आणि म्हणाला, 'तूर भरडायच्या टायमाला, गुरुजी.'

मी कॅलेंडरकडं बघितलं. एक जूनमध्ये टाचणी शिरवायलाही जागा नव्हती. हॉलंडातला तो गोल, ती सुईण, ते खोडरबर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. म्हटलं, झाल्या त्या चुका झाल्या, आता सुधारलं पाहिजे. मी पेन उघडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन जून.